दोन देशांचा एक चित्रपट

पंधराव्या शतकांत अफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी चौल बंदरीं उतरला व जुन्नरवरून बीदरला गेला. त्याची कथा १९५७ सालीं ‘परदेसी’ या चित्रपटांत अवतरली. मुंबईची ‘नया संसार’ व मॉस्कोची ‘मॉसफिल्म’ या संस्थांनीं तो भागीदारीनें काढला. दिग्दर्शनहि ख्वाजा अहमद अब्बास व वासिली प्रोनिन या दोघांचें.

अशा भागीदारीस आतां सरकारी करारांचा आधार आहे. भारतानें इटली व ब्रिटन यांच्याशीं २००५ सालीं, तर कॅनडाशीं २०१४ सालीं असे करार केले. करारान्वयें मान्य झालेला चित्रपट उभय देशांत स्वदेशीच गणला जातो व दोन्हीकडील साहाय्यास पात्र ठरतो. मुलाला घरीं आणि आजोळीं सारखाच हक्क असावा, तसें हें. मात्र नुसता पैसा ओतून भागत नाहीं; वांट्याच्या प्रमाणांत आपले कलावंत व तंत्रज्ञहि द्यावे लागतात.

एक गोष्ट मात्र करारानें आपोआप साधत नाहीं. चौल, जुन्नर मराठी मुलुखांतलीं. परंतु ‘परदेसी’ निघाला हिंदींत व रशियनमध्यें. ज्या भाषेचा बाजार मोठा, तीच पुढें होते. उद्यां वसमत तालुक्यांतील हट्टा गांवची एखादी गोष्ट परदेशी भागीदारीनें पडद्यावर आणावयाची झाली, तर येथील निर्मात्यानें मराठी भाषा हेंहि आपलें भांडवलच समजावें, आणि तिचें स्थान करारनाम्यावर सही करण्यापूर्वीं ठरवून घ्यावें.