घेणाऱ्या हाताची गोष्ट

(बख्शी का तालाब, लखनौ येथील मराठी साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



सीतापूरच्या रस्त्यावरचं हे गाव ज्या तळ्याच्या नावानं ओळखलं जातं, ते तळं नवाबी अमलातल्या एका बख्शीचं. बांधवून घेणाऱ्याचा हुद्दा गावाला कायमचा लागला. माती उपसणाऱ्यांपैकी कोणाचंही नाव त्यात नाही. लखनौचा बडा इमामबाडा 1784 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून असफउद्दौलानं उभारायला घेतला, हे आपण कौतुकानं सांगतो. त्या मजुरांच्या घरी संध्याकाळी काय शिजलं, हे मात्र विचारत नाही. ऐतिहासिक प्रेमकथांबद्दल माझी तक्रार हीच आहे.

श्रीमंत घरची तरुणी, तिच्या मनातली गरिबांबद्दलची कणव आणि ती कणव पाहून भारावलेला नायक, ही मांडणी वाचकाला आवडते. मलाही आवडते. पण तिथे दान हा नायिकेचा दागिना होऊन बसतो. नायक तिच्या प्रेमात पडतो आणि ज्यांच्या ओंजळीत धान्य पडलं, ती माणसं पुढच्या पानावर दिसतही नाहीत.

मराठीत याहून मोठं काही आपल्या हाताशी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेत 1857 चा उठाव पेटला आणि भटजी झाशीत येऊन पोचले. राणी लक्ष्मीबाई तेव्हा तिशीच्या आतली होती. तिची आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत जिवंत हकीकत अशा रीतीनं एका गरजवंतानं लिहिली आहे. घेणाऱ्यानं देणारीकडे पाहिलेलं आहे, आणि गोडशांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाचं मोल माझ्या लेखी त्यात आहे.

त्यातली एक हकीकत आठवा. देवदर्शनाहून परतताना राणीला गोरगरिबांची गर्दी दिसते. थंडीनं लोक काकडताहेत, असं कळतं. ती हळहळून पुढे जात नाही. चौथ्या दिवशी शहरातल्या प्रत्येक गरिबाला टोपी, बंडी आणि घोंगडी मिळाली पाहिजे, असा हुकूम देते. शिंपी कामाला लागतात, कपडे वाटले जातात. या दयेला मुदत आहे, मोजदाद आहे, कापडाचा खर्च आहे. कादंबरीकाराला याहून चांगलं काय हवं? कोणत्या शिंप्यानं रात्र जागवली, कापड कोणत्या दुकानातून आलं, घोंगडी पांघरून घरी गेलेल्या म्हातारीला मुलानं काय विचारलं, इथून कादंबरी सुरू व्हायला हवी.

आणि ही श्रीमंती तरी केवढी? 1854 मध्ये संस्थान खालसा झाल्यावर राणीला महिना पाच हजारांचं निवृत्तिवेतन ठरलं. दत्तक मुलगा दामोदर याच्या नावचे सहा लाख कंपनीकडे अडकले. त्याच्या मुंजीसाठी त्यातले एक लाख मागितले, तर जामीन आणा म्हणाले. मुलाच्या पैशासाठी जिला जामीनदार शोधावे लागले, तिला मागणाऱ्याचा संकोच कळला असणार, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी कादंबऱ्यांनी या बाईला दुसरंच रूप दिलं. जॉन मास्टर्सच्या 1951 च्या कादंबरीत नाव बदललेली राणी एका इंग्रज अधिकाऱ्यात गुंतते. वृंदावनलाल वर्मांनी 1946 च्या हिंदी कादंबरीत तिच्याभोवती झाशीची साधी माणसं उभी केली. हा मार्ग मला आपला वाटतो.

1858 च्या मार्चमध्ये लखनौ पडलं, एप्रिलच्या सुरुवातीला झाशी. पुढे काल्पीच्या वाटेवर गोडसे भटजींना एका विहिरीपाशी राणी भेटली. अंगावर पठाणी पोशाख, सगळं अंग धुळीनं भरलेलं, घसा कोरडा. भटजी पाणी काढायला सरसावले, तर विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढून घेणं तिला रुचेना. तिनं स्वतः पोहरा ओढला आणि मातीच्या भांड्यातलं पाणी ओंजळीनं प्यायली. आपल्याला खरं तर अर्ध्या शेर तांदळापुरतंच मागणं होतं, अशा अर्थाचं ती बोलली. ज्या दोघांत कालवर एक देणारी आणि एक घेणारा होता, ते दोघंही आता निर्धन. शृंगाराचा स्पर्श नसलेली इतकी उत्कट भेट मी दुसऱ्या कोणत्याही प्रेमकथेत वाचलेली नाही.

भारताचार्य वैद्यांनी 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ छापलं, तेव्हा मजकुरावर आपला हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांना मिळायला 1966 साल उजाडलं. ते काम दत्तो वामन पोतदारांचं. म्हणून उत्तरेतल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. बिठूर, झाशी, काशी, ग्वाल्हेर इथल्या माळ्यांवर मोडीतली बाडं असतील, तर ती रद्दीत घालू नका. वंशावळी आणि सनदा आपण जपतोच. किराण्याच्या याद्या, शिंप्याचे हिशेब, अन्नछत्राच्या वह्याही जपा. मोडी वाचणारा जवळपास नसेल, तर निदान पानापानाचे फोटो काढून ठेवा. पुढचा कादंबरीकार त्या वह्या मागायला तुमच्या दाराशी येईल, तेव्हा त्याला बसवून घ्या आणि त्या दाखवा.