राजद्रोह मुळातला आणि भाषांतरातला



परकीय सत्तेविरुद्धचा राष्ट्रवाद वृत्तपत्रांनी वाढवला, असे आपण नेहमी म्हणतो. तो कसा वाढवला, याचे उत्तर मी आज भाषेच्या अंगाने शोधणार आहे आणि उदाहरण ‘केसरी’चे घेणार आहे.

१८७८ साली लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला. इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. इंग्रजीतली टीका मूठभर लोकांत राहते. तीच देशी भाषेत आली की बाजारात आणि चावडीवर पोचते, हे सरकारने नेमके ओळखले होते. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी ‘अमृत बाजार पत्रिका’ इंग्रजीत निघू लागली. पुढे जानेवारी १८८१ मध्ये पुण्यातून दोन पत्रे निघाली : इंग्रजी वाचकांसाठी ‘मराठा’ आणि मराठी वाचकांसाठी ‘केसरी’. सत्तेला अधिक बोचले ते दुसरे.

मराठीत राजकारण लिहायचे, तर जुन्या शब्दांना नवे काम द्यावे लागत होते. ‘बहिष्कार’ हा जातपंचायतीच्या शिक्षेचा शब्द. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर तो विलायती मालाला लागला. घराघरांत ओळखीचा असल्यामुळे तो समजावून सांगावा लागला नाही. ‘स्वराज्य’ हा शिवकालाची आठवण जागवणारा शब्द. तो आता उद्याची मागणी झाला. आठवड्यामागून आठवडा असे शब्द वाचता-ऐकताना दूरदूरचे लोक एकाच विषयावर एकाच भाषेत बोलू लागले. वृत्तपत्राचे मोठे काम हेच.

या भाषेची कसोटी १९०८ मध्ये न्यायालयात लागली. मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर ‘केसरी’त आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. लेख मराठी, पण न्यायालयापुढे होते त्यांचे इंग्रजी भाषांतर. बचावाचे भाषण टिळकांनी स्वतः केले आणि भाषांतराने मूळ अर्थ विपर्यस्त केल्याचा मुद्दा जोराने मांडला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. इंग्रजी न्यायालयाने ज्यांना विचारलेच नव्हते, त्यांनी रस्त्यावर आपला निकाल दिला.

याची पुढची कडी बेळगावात आहे. १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना तेथे झाली आणि टिळकांचे मराठी भाषणही झाले. ते भाषण आणि अहमदनगरची दोन भाषणे यांवरून त्यांच्याकडे वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. सुट्या वाक्यांवर न जाता भाषणांचा एकूण आशय पाहिला गेला, हे त्या निकालाचे महत्त्व.

विद्यार्थी मित्रांनो, आपणही टिळकांना बहुधा सुट्या वाक्यांतूनच ओळखतो. निबंधात अवतरण घालण्यापूर्वी एक काम करा : ग्रंथालयात जाऊन एक तरी अग्रलेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. कोणत्या शब्दाला नवा अर्थ दिला आहे, वाचकाला कोठे चुचकारले आहे, सरकारला कोठे चिमटा काढला आहे, ते टिपा. ज्या वाक्यांसाठी माणसे तुरुंगात गेली, ती मुळातून वाचता येणे हा मराठी जाणणाऱ्यांचा वारसा आहे. तो आपण भाषांतरावर सोडू नये.