‘ढ’ नावाचं अक्षर

मराठीत एक अक्षर असं आहे, की ते आपण मुलांना शिवीसारखं वापरतो. ते म्हणजे ‘ढ’. अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीतला ढ आणि आजचा ढ यांत फारसा फरक नाही. बाकीची अक्षरं बदलत गेली, हे जिथल्या तिथे राहिलं. म्हणून पुढे न सरकणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणू लागले, असं सांगतात. व्युत्पत्ती गमतीची आहे. पण ज्याच्यावर हा शिक्का बसतो, ते मूल पुष्कळदा ढ नसतंच.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, चुणचुणीत, पण साधे शब्द वाचता येईनात. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हाच शाळेत पहिला आला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. यालाच आपण आज डिस्लेक्सिया म्हणतो. डोळे ठीक, कान ठीक, बुद्धी ठीक. पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ मेंदूत पटकन बसत नाही. शंभरात पाच ते दहा मुलांना हा त्रास असतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन-तीन.

आमच्या देवबागेत एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथलाच एक मुलगा माझ्या पाहण्यात आहे. रापण ओढायला पुढे, मासळीच्या वाट्यांचा हिशेब तोंडी करणारा. पुस्तक पुढे केलं की म्हणायचा, “माका वाचूक सांगू नकात, बाकी कायव सांगा.” घरचे म्हणत, आळशी आहे. आळशी माणूस पहाटे रापणीला जात नाही, एवढं तरी कोणाच्या लक्षात यायला हवं होतं.

ही मुलं लवकर ओळखू येत नाहीत, कारण ती पाठांतरावर वेळ निभावून नेतात. कविता पाठ, धडा पाठ. आमच्या मुस्लिम घरांतही तेच. मूल मक्तबात जातं, ऐकून ऐकून सुरा पाठ करतं, आणि कौतुकाच्या भरात ते वाचत नाहीये हे कोणाला कळत नाही. अरबीत तर होडीसारखी एकच आकृती. खाली एक नुक्ता दिला की बे, वर दोन दिले की ते, तीन दिले की से. ज्याची नजर अक्षरावर ठरत नाही, त्याचे यात काय हाल होत असतील!

आपली देवनागरी त्या मानाने सरळ. लिहिलं तसं वाचायचं, हा आपला अभिमान. इंग्रजी स्पेलिंगपेक्षा ती सोपी आहेच. पण बाराखडी मोजा, चौतीस व्यंजनांची चारशेवर रूपं होतात, आणि त्यांत जोडाक्षरं धरलेलीच नाहीत. पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो आणि कागदावर तो य च्या डोक्यावर बसतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व शेजारी ठेवून पाहा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, लिहायला एकच, उच्चार दोन. त्यात घरी मालवणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी.

म्हणूनच प्रत्येक अडखळणाऱ्या मुलाला डिस्लेक्सिया म्हणू नये. आधी डोळे आणि कान तपासावेत. शिकवणं नीट झालंय का, तेही पाहावं. तपासणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाची चाचणी आणली, तीत हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. ही फार मोलाची गोष्ट झाली.

आणि उपाय? औषध नाही. उपाय शिकवण्यात आहे. अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात पद्धत बसवली ती अशी, की अक्षर डोळ्यांनी पाहायचं, तोंडाने म्हणायचं, कानाने ऐकायचं आणि त्याच वेळी बोटाने गिरवायचं. त्यासाठी वाळूचा ट्रेही वापरतात. हे वाचलं तेव्हा मला आपली धूळपाटी आठवली. पंतोजींच्या शाळेत मुलं धुळाक्षरंच गिरवत होती की! देवबागेत तर वाळू विकत आणावी लागत नाही. एका दिवशी एकच अक्षर, हाताएवढं मोठं, आवाज करत. सारखी दिसणारी दोन अक्षरं एकाच आठवड्यात नकोत. रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण रोज. आणि मोठ्याने वाचायला भर वर्गात उभं करू नये. बाजूला बसून दोघांनी मिळून वाचावं.

‘तारे जमीन पर’ हा सिनेमा २००७ साली आला आणि हा शब्द घरोघरी गेला. चांगलं झालं. पण आता अशा मुलात लोक चित्रकार शोधू लागतात. बाबांनो, नसेल तो चित्रकार! साधा मुलगा असेल. त्यालाही बसवरची पाटी वाचता आली पाहिजे.

आता कामाचं सांगतो. महाराष्ट्र सरकारने १९९६ साली या मुलांना दहावी-बारावीत सवलती दिल्या. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका माफ, एक भाषा सोडण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. पण सवलतीला अधिकृत दाखला लागतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी खास क्लिनिक चालत आलं आहे. आमच्याकडून तिथे जायचं म्हणजे कुडाळला गाडी धरायची, रात्रभर प्रवास, आणि तपासण्या एका दिवसात उरकत नाहीत. रोजंदारीच्या माणसाला हे परवडणारं नाही. त्याच्यासाठी ही सोय जिल्ह्यातच हवी, आणि हे मी आमच्या लोकप्रतिनिधींना उद्देशूनच म्हणतो आहे. तोवर ज्यांना शक्य आहे त्यांनी दहावीचं वर्ष उजाडण्याची वाट पाहू नये. आठवीतच मुख्याध्यापकांना भेटावं, अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि मुलाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत. तपासणाऱ्या डॉक्टरांना त्या पाहायला लागतात.