काठावरची धार
(कुरुंदा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातला काही भाग)

हळद शिजवायच्या ऐन धांदलीतून उठून इथे आलेल्या मंडळींनो,

कुरुंद नावाचा एक दगड आहे. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. माणिक आणि नीलम ही त्याचीच रंगीत भावंडं. त्याची पूड लाखेत कालवून आपल्याकडे धार लावायची चाकं करीत. फोटोतल्या ‘शार्प’पणावर बोलायला तुम्ही मला कुरुंद्याला बोलावलंत, तेव्हा हा दगडच आधी आठवला. गावाच्या नावाशी त्याचं नातं मी जोडत नाही, नुसती गंमत म्हणून सांगतो.

नंतर आठवले अर्थात समीक्षक कुरुंदकर गुरुजी. जन्म नांदापूरचा, १९३२चा. पण आडनावात गाव तुमचं. मराठी कादंबरीवरच्या त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘धार आणि काठ’. ते ऐकलं की कुणालाही नदी दिसेल. मी पडलो हौशी फोटोवाला. मला विळ्याची धार दिसते आणि लुगड्याचा काठ. फोटोत या दोन्ही गोष्टी एकाच जागी असतात. लुगड्याच्या मधल्या सपाट हिरव्या रंगात फोटो शार्प आहे की अंधुक, काही कळत नाही. कळतं ते काठावर, हिरवं संपून लाल सुरू होतं तिथे. ती हद्द बारीक असली की आपण म्हणतो, काय शार्प आलाय! ती पसरली की म्हणतो, गेला.

जुन्या डार्करूममध्ये यावर एक युक्ती होती. निगेटिव्हची मुद्दाम अंधुक अशी उलटी प्रत काढायची, म्हणजे काळ्याच्या जागी पांढरं. ती मूळ निगेटिव्हला चिकटवायची आणि दोन्हींतून मिळून प्रिंट काढायची. काठ एकदम उठून दिसत. या युक्तीचं नावच ‘अनशार्प मास्क’. धार आणायची ती धूसर प्रतीच्या मदतीने! आज तुमच्या खिशातला मोबाईल हाच उद्योग न विचारता करतो, फक्त आकड्यांनी. हळदीच्या पानांच्या कडेला कधीकधी पांढरी झालर दिसते ना, ती त्याचीच. तपशील त्यात नवा काही आलेला नसतो. असा फोटो फ्लेक्सवाल्याकडे नेलात की तो बघताक्षणी सांगतो, “मोठा केला की फाटंल.”

आता जरा हात लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. तुमचा डोळा एका वेळी जेमतेम तेवढाच, फार तर दोन नखांएवढा तुकडा स्वच्छ बघतो. बाकी हा मंडप, ही माणसं, मी, सगळं अंधुकच. डोळा भराभर फिरतो म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत कातीव असलेला फोटो हे आपण प्रत्यक्षात कधीच न पाहिलेलं दृश्य असतं.

तरी त्याचीच हौस फार. गुरुजी जन्मले त्याच १९३२ साली अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि मित्रांनी एक गट काढला, नाव ‘एफ ६४’. लेन्सचं छिद्र इतकं बारीक करायचं की जवळचं गवत आणि लांबचा डोंगर दोन्ही लख्ख. याच्या उलट इंग्लंडातल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनबाई. वयाच्या ४८व्या वर्षी, १८६३ साली, त्यांना लेकीने कॅमेरा भेट दिला. त्यांच्या धूसर चेहऱ्यांची त्या वेळच्या जाणकारांनी टर उडवली. मला विचाराल तर मी बाईंच्या बाजूचा.

पण नेहमी नाही. जुलै २०२२ मध्ये तुमच्या गावात पुराचं पाणी शिरलं. पंचनाम्याला फोटो लागतो तो खणखणीतच. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते, ती कितव्या विटेवर आहे हे मोजता आलं पाहिजे. तिथे कला नको.

फोटो बिघडतोही तीन तऱ्हांनी, आणि तिन्हींची खूण वेगळी. फोकस चुकला की दिव्याचा ठिपका फुगून चकती होतो. हात हलला की सगळं चित्र एकाच दिशेने ओढलं जातं. समोरचा माणूस हलला, तर भिंत शाबूत राहते आणि तो तेवढा पसरतो. हे मी शिकलो माझ्या आज्जीच्या फोटोवरून.

माझा पहिला कॅमेरा आगफा क्लिक थ्री. १२०चा रोल, बारा फोटो, फोकस करायची सोयच नाही. आज्जी ओट्यावर खुरप्याला धार लावत बसली होती. मी खटका दाबला आणि नेमकी तिने मान फिरवली. फोटो आला तो असा: दगड स्पष्ट, खुरपं स्पष्ट, मागच्या भिंतीचे पोपडेसुद्धा मोजावेत, आणि चेहऱ्याच्या जागी एक पुसट झोत. घरात सगळे म्हणाले, हलला, वाया गेला.

ती गेल्यावर कळलं, तिचा दुसरा फोटोच नाही. तोच एका स्टुडिओवाल्याला दिला. त्याने मोठा केला आणि ब्रशने डोळे, नाक, ओठ काढून दिले. पापण्यासुद्धा. फोटो धारदार झाला आणि भिंतीवर कुणाची तरी भलतीच आज्जी येऊन बसली. हार घालताना सगळ्यांनाच चोरट्यासारखं व्हायचं.

पुढे कधीतरी निगेटिव्ह सापडली. तिच्याच मापाची, दोन-सव्वादोन इंचांची प्रिंट काढून मी आत्याच्या हातात दिली. आत्याने चष्मा वर सरकवून ती डोळ्यांशी धरली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “गोठ्याकडून हाक आली की माय अशीच वळायची.”