सर्‍याचा जंतू आणि मंद भट्टी

पाथरीकडच्या पशुपालक श्रोत्यांनो, जनावरांच्या सर्रा रोगाचा एकपेशीय परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, मोठा विचित्र जीव आहे. त्याच्या पेशीत ऊर्जेची भट्टी, म्हणजे तंतुकणिका, एकच. आफ्रिकेतल्या त्याच्या भाऊबंदांना त्सेत्से माशीच्या पोटात जगायला ती पूर्ण पेटलेली लागते. यानं मात्र तिचा जनुकसाठा बराचसा, कधी सगळाच, गमावलाय. रक्तातली साखर आयती मिळते. मग भट्टी मंद असली तरी भागतं! घोडमाशीच्या सोंडेवरून तो या बैलाच्या रक्तातून थेट त्या बैलाच्या रक्तात जातो.

माणसाला सहसा बाधत नाही. पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. त्या रक्तात या परजीवीला मारणारं एक प्रथिनच नव्हतं. सुरामिन या औषधानं तो शेतकरी बरा झाला.