औषधाची परीक्षा आणि कामगाराचा पैसा

(परळ येथील अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



औषधांविषयी बोलण्यासाठी परळइतकी योग्य जागा साऱ्या मुंबईत नाही. केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये येथे आहेत. जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या वास्तूत हाफकिन संस्था आहे. आणि या साऱ्यांच्या अवतीभवती केमिस्टांची दुकाने आहेत. रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती पडलेल्या चिठ्ठीवर पाच नावे असली, तर त्यांतील आवश्यक किती, निरुपद्रवी पण निरुपयोगी किती, हे समजण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. बाजारातील धान्य वा कापड गिऱ्हाईक स्वतः पारखून घेते. औषधाची निवड मात्र एक जण करतो, पैसे दुसरा देतो आणि नफा तिसऱ्याच्या पदरात पडतो. ग्राहक हा बाजाराचा राजा असतो, हे पाठ्यपुस्तकातील गृहीतक येथे मुळातच कोसळते. म्हणून ‘हे औषध लागू पडते’ असे कोणी म्हटले, की ते कशावरून, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो कुटुंबाच्या मिळकतीचा प्रश्न होतो.

या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वीच ठाऊक झाले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परंतु शास्त्रज्ञाने स्वतः टोचून घेणे हे धैर्य झाले, पुरावा नव्हे. पुरावा मिळाला तो त्याच महिन्याच्या अखेरीस, भायखळ्याच्या तुरुंगात. तेथे प्लेग शिरला होता. सुमारे दीडशे कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली, त्यांहून काहीशा अधिक कैद्यांनी घेतली नाही. अन्न एक, कोठड्या त्याच, साथही तीच. टोचणीच्या दिवशीच ज्यांना आजार दिसला ते वगळता, लस घेतलेल्यांपैकी २ जण आजारी पडले व दोघेही वाचले. न घेतलेल्यांपैकी १२ आजारी पडले आणि ६ दगावले.

तरीही एक शंका उरते. स्वखुशीने पुढे आलेले कैदी मुळात अधिक धडधाकट असले तर? बडोद्याजवळच्या उंधेरा गावी १८९८ साली झालेल्या प्रयोगात या शंकेला पुष्कळसे उत्तर मिळाले. तेथे प्रत्येक घरातील काहींना लस टोचली, काहींना टोचली नाही. म्हणजे तुलना एकाच छपराखालच्या माणसांत झाली. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांतील लस टोचलेल्या ७१ माणसांपैकी ८ आजारी पडली, ३ दगावली. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडली आणि त्यांतील २६ दगावली. आज हीच वाटणी चिठ्ठ्या टाकून करतात, म्हणजे निवडणाऱ्याचा कल आड येत नाही. आणि शक्य तेथे कोणाला खरे औषध मिळाले, कोणाला साखरेची गोळी, हे रुग्णापासून व डॉक्टरापासूनही गुप्त ठेवतात. युक्ती एवढीच आहे. ती समजण्यास पदवी लागत नाही.

औषध घेतले आणि बरे वाटले, या अनुभवाला एवढ्यासाठीच पुरावा मानता येत नाही. बहुतेक दुखणी आपोआप बरी होतात. २०२० साली मुंबईच्या चाळीचाळींतून निरनिराळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ या होमिओपॅथिक गोळ्या वाटल्या. या गोळ्यांतील मूळ द्रव्य इतके विरळ केलेले असते, की त्याचा एक कणही उरण्याचा संभव नसतो. गोळ्या घेऊन जे आजारी पडले नाहीत, त्यांची उदाहरणे सर्वांच्या तोंडी झाली. गोळ्या न घेताही जे आजारी पडले नाहीत, त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. वाटणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मान्यच आहे. पण भायखळ्याच्या तुरुंगात जी दुसरी बाजू मोजली गेली, ती येथे मोजलीच नाही.

याहून दारुण प्रसंग पुढच्याच वर्षी आला. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरच्या कुप्यांसाठी महाराष्ट्रभर रांगा लागल्या. काळ्या बाजारात तिचे दर छापील किमतीच्या अनेक पटींनी चढले आणि कित्येक घरांनी त्यासाठी कर्जे काढली. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ या बहुराष्ट्रीय प्रयोगाचे पहिले निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाले होते. रेमडेसिविर दिलेल्या २,७४३ रुग्णांपैकी ३०१ दगावले. न दिलेल्या २,७०८ पैकी ३०३. म्हणजे जवळजवळ सारखेच. (अंतिम निष्कर्ष २०२२ साली आले. त्यांत प्राणवायूवर असलेल्या रुग्णांना थोडासा लाभ दिसला, हेही नमूद केले पाहिजे.) उलट डेक्सामेथासोन हे अत्यंत स्वस्त, जुने औषध. ब्रिटनमधील प्रयोगात कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण त्याने ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आणले. हा निष्कर्ष जून २०२० मधला. पण डेक्सामेथासोनसाठी कोठे रांगा लागल्याचे कोणास आठवते काय? जे महाग आणि दुर्मिळ तेच गुणकारी, ही समजूत बाजाराने फार पूर्वीच रुजवून ठेवली आहे.

जीवनसत्त्वे व टॉनिके यांची कथा अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण कामगाराच्या घरात महिन्याकाठी जाणारा पैसा येथेच अधिक झिरपतो. भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे पाहणीत दिसे. त्यावरून त्यांतील बीटा-कॅरोटिन हे द्रव्य गोळीच्या रूपाने द्यावे, असा तर्क निघाला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आला तो उफराटा: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! भाज्या खाणारा मनुष्य इतरही अनेक बाबतींत वेगळा असतो. भाजीचा गुण गोळीत उतरतोच असे नाही. पण यावरून सगळी जीवनसत्त्वे थोतांड ठरवणेही तितकेच चूक. ज्या स्त्रियांच्या आधीच्या गर्भात मज्जारज्जूचा दोष आढळला होता, अशा १,८१७ स्त्रियांवरील प्रयोगाने १९९१ साली दाखवून दिले, की गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास तो दोष ७२ टक्क्यांनी टळतो. दोन्ही निष्कर्ष एकाच पद्धतीने निघाले, म्हणूनच दोन्ही मानावे लागतात.

आता पुन्हा परळकडे वळू. टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २०११ पासून देशातील अकरा केंद्रांत सुमारे १,६०० स्तनकर्करोगग्रस्त स्त्रियांवर एक प्रयोग केला. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीच्या भोवती लिग्नोकेन हे साधे बधिरीकरणाचे औषध टोचायचे, खर्च शंभर रुपयांच्या आत. कोणाला टोचायचे हे चिठ्ठीने ठरले. पाच वर्षांनी, टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या; न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. या संशोधनाचा गाजावाजा वृत्तपत्रांतून फारसा झाला नाही. गाजावाजा झाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, याच संस्थेने शंभर रुपयांची एक गोळी जाहीर केली तेव्हा. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल आणि तांबे यांची ही गोळी. कर्करोग उलटू न देण्याचा गुण तोपर्यंत केवळ उंदरांत पाहिला गेला होता. माणसांतील प्रयोगांना आणखी पाच वर्षे लागतील, असे खुद्द संशोधकांनीच सांगितले होते. मथळ्यांत मात्र उंदीर उरले नाहीत. ही कल्पना पुढे खरीही ठरेल. पण संस्था एकच असली तरी दोन पुराव्यांचे वजन एक नव्हे. याच रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पत्रक काढून लोकांना सावध केले, की हळद, कडुनिंब व लिंबाच्या आहाराने कर्करोग बरा होतो या एका नामवंत माजी क्रिकेटपटूच्या विधानावर विसंबून उपचार लांबवू नयेत. ती गोळी असो वा हळद, मापाचा दंड एकच असला पाहिजे, आणि तो प्राध्यापक, पुढारी व कंपनी या तिघांनाही लावला पाहिजे.

कायदा येथे कोणाच्या बाजूला आहे? नवे औषध विकण्यापूर्वी ते गुणकारी असल्याचा पुरावा औषध नियंत्रकापुढे मांडावा लागतो. परंतु तीच वस्तू ‘पूरक आहार’ म्हणून बाजारात आणली, की ती २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली जाते आणि रुग्णांवरील प्रयोगांची तशी सक्ती राहत नाही. आवश्यक औषधांच्या किमतीवर २०१३ च्या आदेशाने मर्यादा आहे. प्रथिनांच्या डब्यावर ती नाही. भांडवल या फटीतून वाहिले तर नवल नाही. औषधांच्या मिश्रणांतही हेच दिसले. सरकारने २०१६ साली ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि २०१८ साली फेरतपासणीनंतर ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी घालावी लागली. तोवर ती वर्षानुवर्षे विकली गेली होती. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ सालीच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून मूळ नावांनी औषधे विकावीत, असे सुचवले होते. ती सूचना आजही पुरती अमलात आलेली नाही.

आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांकडे विक्रेते टॉनिकच्या बाटल्या फुकट देऊ करतात. त्या घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: तुलना कोणाशी केली, माणसे किती होती, आणि मोजले ते काय: रक्तातला एखादा आकडा, की जगलेली-वाचलेली माणसे? उत्तर म्हणून चकचकीत पत्रक पुढे आले तर बाटल्या परत कराव्यात. पंडुरोगाने ग्रासलेल्या गरोदर स्त्रीला लागते ते लोह आणि फॉलिक आम्ल. त्या गोळ्या सरकारी योजनेखाली विनामूल्य मिळावयाच्या आहेत. विभागातल्या दवाखान्यात त्या संपल्या असतील, तर वॉर्ड ऑफिसवर मोर्चा न्यावा. वर्गणी काढून बाहेरचे टॉनिक वाटत बसू नये.