तारेची खूण कोणीं मानावी?

१८६७ सालीं मुंबईचा रेलमार्ग वऱ्हाडांतून नागपुरास पोहोंचला. एकेरी रुळावर पुढील स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ आल्यावांचून गाडी सोडावयाची नाहीं, हा रेल्वेचा दंडक अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या बाजूच्या गृहस्थांस सांगावयास नको. संगणक आणि मोडेम यांच्यामध्येंही असेच दंडक आहेत. १९६० सालीं अमेरिकेंत ठरलेल्या ‘आरएस २३२’ या प्रमाणांत अक्षरें नेणाऱ्या तारांखेरीज कांहीं तारा केवळ खुणेच्या आहेत. एक तार संगणकाकडून ‘सज्ज आहे’ असें कळविते. दुसरी मोडेमकडून ‘पलीकडचा आवाज लागला’ असें सांगते, तिला वाहकखूण म्हणूं. तिसरी ‘आतां पाठवा’ अशी मुभा देते. या खुणा पाहून काय करावयाचें हें ठरविणारा ऑपरेटिंग सिस्टिममधील भाग म्हणजे ड्रायव्हर.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, अमरावतीस एक संगणक आहे व अकोल्याचा एक कारकून टेलिफोनवरून मोडेमच्या साह्यानें त्यावर हिशेब लिहीत आहे. मध्येंच वादळानें तार तुटली, वाहकखूण मावळली. ड्रायव्हरनें तिकडे लक्ष दिलें नाहीं, तर कारकुनाच्या नांवानें उघडलेलें दप्तर तसेंच उघडें राहील, आणि पुढें जो कोणी त्याच क्रमांकावर फोन लावील त्याच्या हातीं तें आयतें पडेल. म्हणून युनिक्सच्या वंशांतील सिस्टिम खूण मावळतांच चालू कार्यक्रमांस ‘संबंध तुटला’ असा इशारा देतात, व ते कार्यक्रम बहुधा तेथेंच संपतात. येथें खुणेचें शासन कडकच हवें.

कन्सोल, म्हणजे संगणक स्वतःची हकीकत जिच्यावर सांगतो ती तार, हिची गोष्ट नेमकी उलट. पडदा नसलेल्या सर्व्हरांत ती आजही अशीच असते, व पुष्कळदां तीनच धाग्यांची: पाठविण्याचा, घेण्याचा आणि भूमीचा. तींत वाहकखूण कधींच येणार नाहीं. तिची वाट पाहण्याचा नियम येथें लावला, तर यंत्र सुरू होतां होतांच मुकें उभें राहील; आणि तें कोसळूं लागलें असतां ज्या शेवटच्या शब्दांवरून निदान व्हावयाचें, तेच घशांत अडकतील.

मुभेची खूण मात्र अगदींच झुगारणें बरें नव्हे. पलीकडील यंत्र संथ असेल तर अक्षरें गळतात. लिनक्सच्या एका बहुप्रचलित ड्रायव्हरनें मध्यममार्ग काढला: सांगितलें असेल तरच मुभेची वाट पाहावयाची, तीही दर अक्षरास सुमारें एक सेकंद, मग अक्षर सोडून मोकळें व्हावयाचें. तोड शहाणपणाची, पण महाग. मुभा आलीच नाहीं तर ऐंशी अक्षरांच्या ओळीस ऐंशी सेकंद लागावयाचे!

‘सज्ज आहे’ ही खूणही अशीच. सामान्य तारेवर शेवटचा कार्यक्रम बाहेर पडला कीं ती उतरवितात, म्हणजे मोडेम फोन ठेवतो. परंतु कन्सोलवर कोणताही कार्यक्रम नसतांना सिस्टिम बोलतच असते. तेथें ती उतरविली तर ऐकणाराच जातो.

खरी पंचाईत कन्सोल आणि मोडेम एकाच तारेवर आल्यास होते. तेव्हां सिस्टिमनें बोलतांना वाहकखूण पाहूं नये, पण नांव विचारून आंत घेणाऱ्या कार्यक्रमानें ती पाहिलीच पाहिजे, अशी वांटणी करावी लागते. ती न केल्यास फोनवर कोणी नसतांनाही संगणक नांव विचारतो, मोडेम तोच प्रश्न जसाच्या तसा परत म्हणून दाखवितो, संगणक त्यास उत्तर समजून संकेतशब्द मागतो, आणि हा संवाद रात्रभर चालतो. म्हणून अशा मोडेमचा प्रतिध्वनि जाणते लोक आधींच बंद करून ठेवितात.